ठाकूरद्वारचं घर आमचं म्हणून दाखवलं

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. आणि मी कोण? लालबागला आमच्या चाळीत कुणाचं भांडण झालं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा जावई पितो, हे सगळ्यांच्या आधी मला कळतं आणि मग माझ्याकडून सगळ्यांना. तोंडात तीळ भिजत नाही हिच्या, असं माझी आई म्हणायची. बरोबरच म्हणायची. अशी मी — आणि ही एक गोष्ट पाच वर्षं तोंड मिटून बसलेय. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून जमेल कदाचित. बघते.

आधी काकूंबद्दल सांगते. नको — आधी माझ्याबद्दलच. काकूंना पुढे करून मी मागे लपायला नको, ती सवय आहे मला.

मी शालिनी परब. साठी जवळ आली. नवरा गेला तेव्हा मुलगा, संदेश, दहावीत होता. तेव्हापासून लोकांच्या घरी पोळ्या करते. ठाकूरद्वारच्या मानकरकाकूंकडे चौदा वर्षं झाली. जुन्या इमारतीतला तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्यावरची गॅलरी — आणि घरातल्या घरात संडास-बाथरूम. चाळीत जन्म काढलेल्या बाईला विचारा, या शेवटच्या गोष्टीचं काय मोल असतं ते! पहिल्या दिवशी मी पोळ्या करता करता तीनदा त्या बाथरूमकडे बघितलं होतं. हसा. मीही हसते.

काकू मोठ्या घरातल्या. शांत. कधी आवाज चढवायच्या नाहीत, पण एकदा नाही म्हटलं की नाही. मला कधी 'बाई' म्हणाल्या नाहीत, 'शालिनी' म्हणाल्या. माझ्या हातचा चहा माझ्याच बरोबर बसून प्यायच्या. काका मात्र करडे. त्यांना एकच मुलगी, नीता. मी कामाला लागले त्याच्या सात-आठ वर्षं आधी तिने जातीबाहेर लग्न केलं आणि काकांनी तिला दारातूनच सांगितलं, हे घर तुला मेलं. ती गेली बडोद्याकडे कुठेतरी. मामाने बापाची बाजू घेतली, म्हणून मामाशीही संबंध नाही. पुन्हा पत्र नाही, फोन नाही. काकू तिचा एक फोटो साड्यांखाली ठेवायच्या. काका बाहेर गेले की कधीमधी काढून मला दाखवायच्या. नाक थेट काकांचं. लांब आणि जरासं वाकडं. विसरणं शक्य नाही असं नाक.

मग काका गेले. वर्षश्राद्धाला काकूंनी पेपरात त्यांचा फोटो दिला. मला म्हणाल्या, लोकांना कळावं म्हणून. लोकांना? काकांना विचारणारे लोक होते तरी किती? मला कळलं होतं कुणाला कळावं म्हणून ते. मी एकदा म्हटलंही, काकू, आमचा संदेश मोबाईलवर शोधून काढेल नीताताईला, एका दुपारचं काम. तर म्हणाल्या, "शोधायला मी जाणार नाही, शालिनी. गेली ती स्वतःच्या पायाने, येईल ती स्वतःच्या पायाने. पण आली तर तिला दाराला कुलूप दिसता कामा नये. एवढं मी करीन."

आणि करायच्या. काका गेल्यापासून त्या कुठे राहायला गेल्या नाहीत. लग्नाला नाही, मुंजीला नाही. संध्याकाळच्या आत घरी.

मग गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं. मुंबईत करणार कोण? पुण्याला भाऊ होता, भावजय होती, तिकडेच करायचं ठरलं. दीड महिना. काकू आठ दिवस नुसत्या घरात फिरत होत्या — काठी टेकत, या खोलीतून त्या खोलीत. आणि मग मला म्हणाल्या, तू इथे राहायला ये. नुसतं सकाळ-संध्याकाळ दिवा लावून जायचं नाही, राहायचं. देवाजवळ दिवा लाव, गॅलरीतल्या झाडांना पाणी घाल, आणि दार उघडायला कुणीतरी घरात हवं.

दार उघडायला कुणीतरी हवं. याच्यासाठी मला ठेवलं होतं त्या घरात. झाडांसाठी नव्हे. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मीही बोलले नाही, पण दोघींना माहीत होतं. तेव्हा पुढचं ऐकताना, मला ठाऊक नव्हतं असं कृपा करून मनात आणू नका.

आता माझं रडगाणं. संदेश तेव्हा एकतीसचा. नोकरी चांगली, पोरगा निर्व्यसनी, दिसायला बापासारखा देखणा. पण तीन मुली जागेवरून गेल्या. मुलगा पसंत, पत्रिका जुळते, आणि मग मुलीकडचे घर बघायला येतात. दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा, आणि गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याचे संडास. चहा पितात, छान छान म्हणतात, खाली उतरतात. चार दिवसांनी निरोप — मुलीला इतक्यात करायचं नाही. अगो, मग घर बघायला आलात कशाला मेल्यांनो? चाळ पाडून टॉवर होणार म्हणून मी जन्मभर ऐकतेय. टॉवर कागदावर आहे, आम्ही खोलीत आहोत.

चौथी आली प्राजक्ता. कळव्याची. संदेश तिला दोनदा बाहेर भेटला आणि घरी येऊन आरशात बघून शीळ घालायला लागला. मला समजलं, ही गेली तर हा पोरगा पुन्हा तयार होणार नाही. आणि तिच्या वडिलांचा फोन आला, रविवारी घर बघायला येतो, पत्ता सांगा.

तोंडातून ठाकूरद्वारचा पत्ता निघून गेला.

निघून गेला असं म्हणतेय बघा! पत्ता काय आपोआप निघतो? मी सांगितला. मजल्यासकट, खालच्या दुकानाच्या खुणेसकट सांगितला. संदेश किती भांडला माझ्याशी. आई, हे फसवणं आहे, उद्या काय सांगणार? मी म्हटलं उद्याचं उद्या. एकदा लग्न ठरू दे, मग सांगू काहीतरी, काकूंना भाड्याने दिलंय, विकलंय, काहीतरी. मी रडले. रडणं मला चांगलं येतं. शेवटी तो गप्प झाला.

रविवारी सकाळी मी काकांचा हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला. मेलेल्या माणसाला कपाटात घातलं मी. दारावर पितळी पाटी होती, मानकर नावाची. ती संदेशने स्क्रू काढून काढली. दारावर चार भोकं आणि एक फिकट चौकोन राहिला. समोरचं बिऱ्हाड बंदच असायचं, खालचं दुकान रविवारी बंद. सगळं जुळून आलं होतं. असल्या कामाला सगळं कसं अगदी जुळून येतं, नाही?

अकरा वाजता ते आले, प्राजक्ता आणि तिचे आईवडील. मी काकूंच्या बशा काढल्या होत्या, निळ्या काठाच्या. कांदेपोहे, ओल्या नारळाच्या वड्या. तिची आई घर बघत होती आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. हे आमचं स्वयंपाकघर. ही गॅलरी. आणि हे — आतच आहे हो सगळं. ते दार उघडून दाखवताना मला काय वाटलं म्हणून सांगू! तासभर ते घर माझं होतं. खोटं म्हणून नव्हे, खरंच माझं होतं. हे मी उगाच सांगत नाहीये. याचंच पुढे सगळं झालं.

बेल वाजली.

बाहेरच्या खोलीत सगळे गप्प झाले, बेल वाजली की होतात तसे. मी उठले. दारापाशी छोटा बोळ आहे, कोट-छत्र्या अडकवायचा, त्यात उभं राहिलं की आतलं दिसत नाही, पण ऐकू सगळं जातं. मी दार अर्धं उघडलं.

चाळिशीची बाई. प्रवासाने चुरगळलेली साडी, खांद्याला पिशवी. हाताला धरलेली एक मुलगी, सहा-सात वर्षांची. आणि ते नाक. दोघींचंही.

ती दारावरच्या चार भोकांकडे बघत होती.

"इथे मानकर राहतात ना?"

माझ्या मागे दहा पावलांवर प्राजक्ताचे वडील बसले होते. पोह्याच्या बशीवर चमचासुद्धा वाजत नव्हता. आणि मी म्हटलं, "नाही. ते गेले इथून. आता आम्ही राहतो."

ती म्हणाली, "पेपरात पाहिलं… म्हणून आले. कुठे गेले? त्या बाई — त्या आहेत ना?"

"आम्हाला नाही माहीत. आम्ही एजंटकडून घेतलं."

आहेत ना, असं विचारत होती ती. आई जिवंत आहे का, हे विचारत होती. एका शब्दाचं उत्तर होतं. ते मी दिलं नाही.

मग तिने पिशवीत हात घालून पेन काढलं. म्हणाली, माझा नंबर देऊन ठेवू का, काही कळलं तर कळवाल? आणि मी, जी शेजारणीची कढीलिंबाची काडीसुद्धा सांभाळून ठेवते, मी म्हटलं, "आम्हाला कशाला? आमचा काही संबंध नाही." मुलगी म्हणाली, "आई, पाणी." आमच्याकडे दारात भिकारी आला तरी आधी पाणी विचारतात. मी हललेही नाही. नीता म्हणाली, "असू दे, खाली घेऊ." आणि मला — मला! — म्हणाली, "त्रास दिला तुम्हाला, सॉरी हं."

मी दार लावलं.

पाच वर्षं मी एकाच गोष्टीचा विचार करतेय. दार मागे ओढून एक पाऊल बाहेर टाकायचं होतं. एक पाऊल. जिन्यात उभं राहून तिच्या कानात सांगायचं होतं, आई पुण्याला आहे, बरी आहे, हा घे नंबर, तासाभराने फोन कर. आतल्यांना काय ऐकू जाणार होतं? काही नाही. माझं खोटंही टिकलं असतं आणि तिची आईही तिला मिळाली असती. मला हे सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. भीतीने डोकं चाललं नाही. गांगरले. बाईमाणूस, मुलाचं लग्न…

खोटं आहे. सुचलं होतं.

सुचलं होतं आणि मी ते केलं नाही, कारण त्या क्षणी मला तिचा राग आला होता. माझ्या घरात, माझ्या मुलाच्या कार्यक्रमात, ही कोण मध्येच उगवली? आली ती घर परत घ्यायला. इतकी वर्षं मी काकूंचे पाय चेपले, काकांच्या आजारपणात उशाशी बसले मी, आणि ही आता पिशवी घेऊन येणार आणि 'आई' म्हणून गळ्यात पडणार. मग शालिनी कोण? पोळ्या करणारी बाई. असं आलं माझ्या मनात. एवढं सगळं, दार अर्धं उघडं असताना. माणसाच्या मनात किती घाण किती लवकर येते!

आत गेले. "पत्ता चुकलेली माणसं," म्हटलं. प्राजक्ताचे वडील गॅलरीत उभे होते, म्हणाले, घर हवेशीर आहे हो. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. समोरच्या फुटपाथवर त्या दोघी होत्या. मुलगी बाटलीतलं पाणी पीत होती आणि नीता मान वर करून गॅलरीकडे बघत होती. तिच्या बापाच्या गॅलरीत एक परका माणूस रेलून उभा होता आणि शेजारी मी. अजून हाक मारता आली असती. मी म्हटलं, उन्हं लागतायत, आत बसू या.

संध्याकाळी पाटी पुन्हा बसवली. काकांचा फोटो लावला, पुसून. देवाजवळ दिवा लावायला बसले आणि नमस्कार न करता उठले.

काकू परत आल्या. दोन्ही गुडघे नवे, चेहरा उजळलेला. पायरीवर टेकत टेकत तीन मजले चढल्या आणि खुर्चीत बसायच्या आधी विचारलं, "कुणी आलं होतं?" मी म्हटलं, "इस्त्रीवाला. गॅसवाला. आणखी कोण येणार?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. म्हणाल्या, "हो, तेही खरंच." आणि माझ्यासाठी पुण्याहून आणलेली साडी काढून दिली. तू होतीस म्हणून मी निश्चिंत होते, म्हणाल्या. मी ती साडी नेसले आहे. अनेकदा.

आता यातला गमतीचा भाग ऐका, कारण आमच्या घरी तेवढाच भाग माहीत आहे; दारात आलेली बाई कोण होती, हे संदेशलाही ठाऊक नाही. संदेशला राहवलं नाही. चार दिवसांत त्याने प्राजक्ताला सगळं सांगून टाकलं, घर आमचं नाही म्हणून. ती म्हणाली, मला त्याच दिवशी कळलं होतं. कसं? तर म्हणाली, तुझी आई सोफ्याच्या कडेला बसली होती, अर्धी. स्वतःच्या घरात असं कोण बसतं? आणि वर म्हणाली, मला तू हवायस, सोफा नको. झालं. लग्न झालं, त्याच दहा बाय पंधरात झालं, आणि नांदतेय पोरगी सुखाने. संडासच्या रांगेत उभी राहून पुस्तक वाचते. हळदीकुंकवाला बायका जमल्या की सांगते, आमच्या सासूबाईंचा ठाकूरद्वारचा बंगला! सगळ्या हसून हसून लोटपोट. मीही हसते. चहा ओतता ओतता हसते.

म्हणजे त्या खोट्याची गरजच नव्हती. कुणालाही नव्हती. ते कुणासाठी बोलले मी?

काकूंना मी अजून सांगू शकत होते. पहिल्या महिन्यात, पहिल्या वर्षात. नंबर नसला तरी निदान एवढं, की आली होती, तुमची मुलगी आली होती, तुम्हाला विचारत होती. सांगितलं नाही. काम जाईल ही भीती होती, हो. पण काम मला दुसरं मिळालं असतं. काकूंनी माझ्याकडे कसं बघितलं असतं, ते मला सोसवलं नसतं. आणि — हे लिहायला जड जातंय — नीता आली नाही म्हणून काकू हळूहळू माझ्या झाल्या. औषधं मी आणते, केस मी विंचरते. शेजारच्यांना सांगतात, ही माझी मुलगीच. ते मला हवं होतं. चोरून का होईना, मला ते गोड लागलं.

आणि काकू बदलल्या. आधी म्हणायच्या, येईल. मग म्हणायला लागल्या, बापावर गेली, दगड आहे काळजात, बाप मेल्याचं पेपरात वाचूनही पोरगी फिरकली नाही. हे ऐकताना मी काय केलं असेल? गप्प राहिले असेन असं वाटलं ना तुम्हाला? मी म्हटलं, "जाऊ द्या काकू. असतात काही मुली तशा." पीठ मळता मळता म्हटलं. माझ्या हाताला लागलेल्या पिठाइतकंसुद्धा जड गेलं नाही ते शब्द काढायला.

तीन वर्षांपूर्वी संदेशला मुलगी झाली. बारशाला काकू लालबागला आल्या. त्या गुडघ्यांनी आमचा जिना चढल्या. पदराखालून एक डबी काढली, आत चांदीचे वाळे. नीताचे लहानपणचे. इतकी वर्षं घासून-पुसून ठेवलेले. म्हणाल्या, तिच्या लेकराला घालीन म्हणून ठेवले होते, पण आता कसलं लेकरू आणि कसलं काय, तुझीच नात माझी नात. आणि स्वतःच्या हाताने पाळण्यातल्या पोरीच्या पायात घातले. सगळ्यांचे डोळे भरून आले. मीही पदर डोळ्यांना लावला आणि मग वाकून काकूंच्या पाया पडले.

त्यांना नात आहे. आता अकरा-बारा वर्षांची असेल, काकांच्या नाकाची. त्या घराच्या दारात उभी राहून तिने पाणी मागितलं होतं. हे काकूंना माहीत नाही, मला माहीत आहे.

काकू ऐंशीच्या आहेत. ऐकू नीट येतं, समजतं सगळं. म्हणजे उशीर झालेला नाही. आता काय उपयोग, त्यांना उगाच धक्का कशाला, असलं काही मी इथे म्हणणार नाही, कारण उपयोग आहे. नीताला शोधणं अजूनही एका दुपारचं काम आहे. संदेश वर पोटमाळ्यावर मोबाईल घेऊनच बसलेला आहे.

उद्या सकाळी साडेनऊला मी ठाकूरद्वारला जाईन. काकूंच्या चार पोळ्या करीन, त्यातली एक मऊ, तूप लावून. चहा ठेवीन, दोघींचा. त्या विचारतील, काय गं शालिनी, काय नवीन? आणि मी चाळीतलं सगळं सांगीन, अगदी सगळं. आणि हे सांगणार नाही.